एक लिटर

सीपीआरमधल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवसाला एक लिटर.
चहा, ताक, आमटीचं पातळ, गोळीबरोबरचा घोट, सगळं धरून.
आईनं त्याच संध्याकाळी दूध संघाच्या कॅलेंडरवर रकाने पाडले.
अण्णा काही बोलले नाहीत.
गॅलरीत गेले
आणि जास्वंदीला तांब्याभर पाणी घातलं.

आमच्याकडं विकतची कुंडी एकच, तीही आत्यानं आणलेली.
बाकी सगळी उद्यमनगरातल्या छत्तीस वर्षांची कमाई:
कटिंग ऑइलचे डबे,
फाउंड्रीतून वजनावर घेतलेली पंपाची नापास कास्टिंगं.
ओतताना आत हवा अडकली, भोक पडलं,
कुणीतरी खडूनं फुली मारली.
"बरं झालं," अण्णा म्हणतात, "ड्रिल मारायला नको.
जादाचं पाणी आपसूक जातंय ह्यातनं."
आणि मग जरा वेळ
त्या भोकाकडंच बघत बसतात.

माती तपासायची त्यांची रीत मोल्डरची.
मूठभर घ्यायची, दाबायची, मूठ उघडायची.
बोटांचे वळ उमटले पाहिजेत,
मधनं मोडली तर कड सरळ मोडली पाहिजे,
आणि तळवा कोरडा.
"वल्ली वाळू फसवती, पोरी.
वरनं गप असती. रस पडला की वाफ धरती,
आणि उडती अंगावर."
डाव्या मनगटावर तो डाग आहे, पिंपळाच्या पानाएवढा.
त्याच हाताला, जरा वर, आता फिस्टुला.
बोट ठेवलं की आत मोटर चालू असल्यासारखी थरथर लागते.
शेजारचं लहान पोर रोज येऊन ती ऐकून जातं.

त्या पोराची आजी, रुक्साना शिकलगार,
मोगऱ्याची फांदी मागायला आल्या.
"आमच्याकडं काय जगतच नाही बघा, भावजी.
रोज दोन बादल्या घालते तरी."
"दोन बादल्या," अण्णा म्हणाले.
परत एकदा, हळू, "दोन बादल्या."
मग म्हणाले, "त्याला तहान नाही, वहिनी. मुळं बुडल्यात.
पानं सुकल्यागत दिसत्यात, आपण आणि पाणी घालतो.
अशीच जात्यात झाडं. मायेनं."
आत आई कांदा चिरत होती.
सुरीचा आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला.
फांदी देताना त्यांनी पेरापाशी तिरका छेद घेतला,
खालची पानं खुडली,
आणि फडक्यात गुंडाळून दिली,
फडकं ओलं, पण पिळलेलं.

सोमवार-गुरुवार चार तास मशीन.
त्या दिवशी पाणी आईकडं.
"जावा तुम्ही, मी घालतो की," म्हणते,
आणि ब्रह्मकमळाला हमखास जास्त घालते.
परत आल्यावर अण्णा, ओठ पांढरे, चपला पायातच,
आधी मातीत बोट खुपसतात.
एकदा कुंडी दोन्ही हातांनी जराशी उचलून म्हणाले,
"ह्येचं वजन वाढलंय."
आम्ही तिघंही हसलो.
मी सगळ्यात आधी थांबले.

परवा मे महिन्यातली रात्र, लाइट गेलेली.
वळीव पन्हाळ्यावरच अडकला होता, नुसता गुरगुरत.
कॅलेंडरवर आठ वाजताच हजार भरले होते.
अण्णा अंधारात कुंड्यांपाशी उकिडवे,
हातात भोकं पाडलेलं डबडं.
तापलेली माती पाणी पिताना
बारीक चुटचुट वाजते,
मला माहीत नव्हतं.
ते कान देऊन ऐकत होते, पार जिरेपर्यंत.
मग ओलं बोट ओठांवरून फिरवलं.
थांबले.
परत एकदा.

"लिहायचं काही राहिलं का गं?" आईनं आतून विचारलं.
"नाही," मी म्हटलं.